मातीतून यकृतापर्यंत

दोन-तीन वर्षांच्या बालकाचा ताप आठवडे उलटूनही पूर्ण उतरत नाही, उजव्या बरगडीखाली पोट भरल्यासारखे लागते, आणि रक्ताच्या अहवालात इओसिनोफिल या नावापुढचा आकडा नेहमीच्या मर्यादेच्या कितीतरी पट वर गेलेला असतो, तेव्हा यकृताची सूज आणि या पेशींची वाढ या दोन वेगळ्या तक्रारी नसून एकाच घटनेच्या दोन बाजू असण्याची शक्यता मोठी असते. गावपातळीवर मात्र या दोन गोष्टींची फारकत होते. यकृत वाढले म्हणून कावीळ समजून पथ्य सुरू होते, इओसिनोफिल वाढले म्हणून ‘रक्तात ॲलर्जी आहे’ असे सांगून खोकल्याचे औषध दिले जाते, आणि या दोहोंना जोडणारा प्रश्न, म्हणजे हे मूल माती खाते का, हा बहुधा कोणी विचारीत नाही. गोंदियासारख्या जिल्ह्यात, जिथे धानाची बांधी, बोडी, जंगल, गुरे आणि मोकळी फिरणारी कुत्री घराच्या उंबरठ्यापर्यंत येऊन भिडलेली असतात, तिथे निदानाची खरी वाट याच प्रश्नातून जाते.

इओसिनोफिल ही रक्तातील पांढऱ्या पेशींची एक जात आहे. जर्मन वैद्यक पाउल एर्लिख यांनी १८७९ मध्ये रक्ताच्या पातळ थरावर निरनिराळी रंजकद्रव्ये टाकून पाहताना इओसिन नावाच्या तांबड्या रंगाने ज्यांच्यातील कण गडद नारिंगी-तांबडे होतात अशा पेशी वेगळ्या ओळखल्या, आणि त्याच रंगावरून त्यांना हे नाव मिळाले. या पेशी हाडांच्या मगजात तयार होतात, रक्तात काही तासच राहतात आणि मग आतडे, फुप्फुसे, त्वचा अशा बाहेरच्या जगाशी संबंध येणाऱ्या अवयवांत जाऊन स्थिरावतात. त्यामुळे रक्तात दिसणारा त्यांचा आकडा हा शरीरातील एकूण संख्येचा अगदी लहान अंश असतो. जीवाणू गिळून टाकणे हे त्यांचे मुख्य काम नव्हे. गिळता येणार नाही एवढ्या मोठ्या शत्रूवर, म्हणजे मुख्यतः कृमींच्या अळ्यांवर, त्या आपल्या कणांत साठवलेली दाहक प्रथिने ओततात. ही प्रथिने अळीला जशी भाजतात तशीच आजूबाजूच्या स्वतःच्या ऊतींनाही भाजतात, आणि यकृताच्या सुजेचे मूळ बहुतांशी याच दुहेरी परिणामात असते.

अहवाल वाचताना एक गफलत वारंवार होते. प्रयोगशाळा इओसिनोफिलचे प्रमाण बहुधा टक्क्यांत देते, पण खरा अर्थ प्रत्यक्ष संख्येत असतो आणि ती एकूण पांढऱ्या पेशींना त्या टक्केवारीने गुणून काढावी लागते. एखाद्या मुलाच्या एकूण पांढऱ्या पेशी ६,००० आणि त्यांतील इओसिनोफिल १० टक्के असतील तर संख्या ६०० येते, जी सर्दी, दमा, खरूज किंवा अंगावरची खाज एवढ्यानेही वाढू शकते. पण दुसऱ्या मुलाच्या एकूण पेशी २४,००० आणि इओसिनोफिल ५० टक्के असतील तर संख्या १२,००० होते, आणि ती कोणत्याही साध्या ॲलर्जीने सहसा होत नाही. रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये ५०० पर्यंतची संख्या सामान्य, १,५०० पर्यंत सौम्य वाढ, ५,००० पर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र वाढ अशी विभागणी सर्वत्र मानली जाते. तीव्र वाढ आणि सोबत वाढलेले यकृत असे दृश्य पाच वर्षांखालील मुलात दिसले, तर शरीराच्या आत एखादी अळी फिरते आहे असे गृहीत धरून तपासाला आरंभ करणे हा योग्य क्रम होय.

या अळ्यांमध्ये सर्वांत महत्त्वाची अळी कुत्र्याच्या आतड्यातील गोल जंताची आहे. टॉक्सोकॅरा कॅनिस असे त्या जंताचे शास्त्रीय नाव असून मांजरातही त्याचा एक भाऊबंद राहतो. कुत्रीच्या पोटात पिल्ले असतानाच तिच्या स्नायूंत निपचित पडलेल्या अळ्या जाग्या होऊन गर्भातील पिल्लांत शिरतात, त्यामुळे जन्माला येणारे जवळजवळ प्रत्येक गावठी पिल्लू हे जंत घेऊनच येते आणि तीन-चार आठवड्यांचे होताच त्याच्या विष्ठेतून अंडी पडू लागतात. ही अंडी पडतात त्या दिवशी निरुपद्रवी असतात. त्यांच्यात अळी तयार होण्यासाठी उबदार, ओलसर, सावलीची माती आणि दोन ते चार आठवड्यांचा अवधी लागतो. एकदा अळी तयार झाली की जाड कवचाच्या आश्रयाने ती महिनोन्‌महिने, अनुकूल जागी कित्येक वर्षे, वाट पाहू शकते. म्हणून कुत्र्याला हात लावल्याने हा आजार होतो ही समजूत बरोबर नाही. धोका असतो तो ज्या कोपऱ्यात महिन्याभरापूर्वी पिल्ले वाढली त्या कोपऱ्यातील मातीत, आणि ती माती बोटांतून, खेळण्यातून किंवा न धुतलेल्या भाजीतून लहान मुलाच्या तोंडात जाण्यात.

मुलाच्या आतड्यात पोहोचल्यावर अंडे फुटते आणि अळी आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते. आतड्यातले सगळे रक्त हृदयाकडे जाण्यापूर्वी प्रतिहारी शिरेतून यकृतात येते, आणि अन्नाबरोबर शिरलेल्या प्रत्येक उपऱ्या वस्तूची पहिली झडती तिथे होते. टॉक्सोकॅराची अळी लांबीला अर्ध्या मिलिमीटरहूनही थोडी कमी असते, पण यकृतातील रक्ताच्या वाटा तिच्या मानाने अरुंद असल्यामुळे पुष्कळशा अळ्या तिथेच अडकतात. कुत्र्याच्या शरीरात ही अळी फुप्फुसांतून फिरून पुन्हा आतड्यात येते आणि मोठा जंत बनते. माणसाच्या शरीरात तिला हा प्रवास पुरा करता येत नाही, ती वाढत नाही, अंडी घालत नाही आणि लवकर मरतही नाही, फक्त भटकत राहते. तिच्याभोवती इओसिनोफिल, मोठ्या भक्षक पेशी आणि पुढे तंतू असा वेढा पडतो. या गाठीला ग्रॅन्युलोमा म्हणतात, आणि यकृतात अशा अनेक गाठी झाल्या की ते सुजते, वाढते व हाताला लागू लागते. अळीकडेही एक विलक्षण युक्ती आहे: इओसिनोफिल अंगाला चिकटले की ती आपल्या शरीरावरचे पातळ आवरण सोडून देते आणि पेशी त्या रिकाम्या आवरणावर हल्ला करीत असताना स्वतः पुढे सरकते. यकृतात अनेकदा गाठ सापडते पण तीत अळी सापडत नाही, त्याचे हे एक कारण आहे.

हा सगळा संबंध वैद्यकाला उशिरा उमगला. इओसिनोफिल प्रचंड वाढलेली, यकृत सुजलेली लहान मुले डॉक्टरांच्या पाहण्यात आधीपासून होती, पण त्यांची गणना रक्ताच्या अज्ञात विकारात किंवा कर्करोगसदृश आजारात होत असे. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथे ट्युलेन विद्यापीठातील कृमिशास्त्रज्ञ पॉल बीव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये अशा तीन बालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला, यकृताच्या तुकड्याचे पातळ काप एकामागून एक तपासून त्यांतील अळी टॉक्सोकॅराची असल्याचे दाखवले, आणि अंतर्गत अवयवांत भटकणाऱ्या अळीच्या या विकाराला स्वतंत्र नाव दिले. मराठीत त्याला अवयवांतील अळीभ्रमण म्हणता येईल. बीव्हरांचे मोठेपण असे की त्यांनी रुग्णाच्या रक्ताइतकेच त्याच्या घराच्या अंगणाला महत्त्व दिले. माती खाण्याची सवय आणि घरातील कुत्र्याचे पिल्लू हे दोन दुवे तेव्हापासून या आजाराच्या वर्णनात कायमचे आले.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, पण जमिनीच्या दृष्टीने दोन्ही एकच मुलूख आहेत: वैनगंगेचे खोरे, मालगुजारी काळातले शेकडो तलाव, भरपूर पाऊस आणि धानासाठी महिनोन्‌महिने ओली राहणारी माती. जंताच्या अंड्याला जी हवा मानवते तीच इथे पावसाळ्यापासून हिवाळ्याच्या तोंडापर्यंत असते. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी या जंगलाला लागून असलेल्या तालुक्यांत राखणीसाठी कुत्रे ही चैन नव्हे, ती गरज आहे. त्याला जंताचे औषध देण्याची कल्पना मात्र अजून घराघरांत पोहोचलेली नाही. त्यात रक्तक्षयाची भर पडते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला, आणि लोहाची कमतरता असलेले मूल माती, भिंतीचे पोपडे, चुलीची भाजलेली माती चघळू लागते हे बालवैद्यकात जुने निरीक्षण आहे. मूल माती खाते ते खोडीने, असे समजून त्याला मारले जाते, तेव्हा मारणाऱ्याच्या हातून एका आजाराचे लक्षणच दडपले जाते, हे स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. पूर्व विदर्भात सिकलसेलचेही प्रमाण मोठे असल्यामुळे इथे आणखी एक सावधगिरी लागते: सिकलसेलच्या मुलाचे रक्त कमी असते, डोळे पिवळसर दिसतात, प्लीहा वाढू शकते, पण त्याला लोह कमी असेलच असे नाही, म्हणून रक्तक्षयाचे कारण तपासल्याविना गृहीत धरू नये.

अळीमुळे सुजलेल्या यकृताचे चित्र काविळीच्या प्रचलित चित्राशी जुळत नाही. डोळे व लघवी पिवळी होणे, उलट्या, अन्नाचा तिटकारा ही विषाणूजन्य काविळीची, विशेषतः मुलांत दूषित पाण्याने होणाऱ्या ‘ए’ प्रकारच्या काविळीची लक्षणे असून तीत यकृताच्या पेशींतून रक्तात झिरपणारी विकरे, ज्यांना अहवालात एसजीपीटी व एसजीओटी म्हणतात, हजारांच्या घरात जाऊ शकतात आणि इओसिनोफिल सहसा वाढत नाहीत. अळीच्या सुजेत उलट घडते: विकरे थोडीशीच वाढतात किंवा सामान्यही राहतात, बिलिरुबिन बहुधा वाढत नाही, म्हणून डोळे पांढरे स्वच्छ दिसतात, वाढतात ते रक्तातील ग्लोब्युलिन आणि ॲलर्जीशी संबंधित असलेले आयजीई हे प्रतिद्रव्य. मुलाला रेंगाळणारा ताप असतो, रात्री खोकला व छातीत घरघर असते, भूक मंदावते, अंगावर कधी पित्त उठते. सोनोग्राफीत यकृतभर लहान, अस्पष्ट कडांचे गडद ठिपके दिसतात, आणि नेमके हे ठिपके पाहून क्षय किंवा कर्करोगाची भीती घरच्यांच्या मनात भरते. त्याच वेळी रक्तातील इओसिनोफिलकडे लक्ष गेले तर ही भीती बऱ्याच अंशी टळू शकते.

जिल्ह्यात नेहमी आढळणाऱ्या इतर तापांशी तुलना केली तर या पेशींचे महत्त्व अधिक उठून दिसते. विषमज्वराच्या भरात इओसिनोफिल रक्तातून जवळजवळ नाहीसे होतात. हिवतापाच्या तीव्र अवस्थेतही ते कमी होतात. बहुतेक जीवाणूजन्य तापांत तसेच घडते. अमिबामुळे यकृतात पू झाला तरी ते वाढत नाहीत, कारण अमिबा हा एकपेशीय जीव आहे, कृमी नव्हे. म्हणून ताप असताना इओसिनोफिल वाढलेले असणे ही गोष्टच मुळात वेगळी आहे, आणि डॉक्टरांचा रोख तिने बदलायला हवा.

शौचाच्या तपासणीचा मुद्दा सर्वांत जास्त फसवणारा आहे. मुलाच्या शौचात जंताची अंडी सापडली नाहीत, म्हणजे जंत नाहीत, असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. पण टॉक्सोकॅराची अळी माणसात मोठीच होत नाही, अंडीच घालत नाही, मग ती शौचात येणार कुठून? दहा वेळा तपासणी केली तरी उत्तर नकारार्थीच येईल. निदान होते ते रक्तातील प्रतिद्रव्यांच्या एलायझा चाचणीने, जी १९७० च्या दशकात अळीने बाहेर टाकलेल्या द्रव्यांचा उपयोग करून विकसित झाली. तिच्याही मर्यादा आहेत: ती होकारार्थी आली तर मुलाचा या अळीशी कधीतरी संबंध आला एवढेच सिद्ध होते, आताची सूज तिच्यामुळेच आहे हे नव्हे, ज्या भागात अनेक मुलांचा मातीशी रोजचा संबंध आहे तिथे निरोगी मुलांतही ती होकारार्थी येऊ शकते. त्यामुळे वय, माती खाण्याची सवय, पिल्लांचा सहवास, इओसिनोफिलची संख्या, सोनोग्राफी आणि ही चाचणी यांची एकत्र जुळणी करूनच निर्णय घ्यावा लागतो. यकृताचा तुकडा काढून पाहण्याची पाळी क्वचित येते, आणि तो काढला तरी सुई नेमकी अळीवर पडेल याची खात्री नसते.

टॉक्सोकॅरा हे पहिले उत्तर असले तरी एकमेव नव्हे. माणसाच्या स्वतःच्या गोल जंताच्या अळ्याही यकृत व फुप्फुसांतून जाताना काही आठवडे इओसिनोफिल वाढवतात, पण त्या आतड्यात परततात आणि पुढे शौचात त्यांची अंडी सापडतात. गुरांच्या यकृतातील पर्णकृमी हा तलावांच्या मुलखाने विसरू नये असा दुसरा उमेदवार आहे. म्हशी-गाईंत आढळणाऱ्या या चपट्या कृमीच्या अवस्था पाण्यातील गोगलगायीत वाढतात आणि मग पाणवनस्पतींवर कोशाच्या रूपाने चिकटून बसतात. अशी वनस्पती कच्ची खाल्ली तर अळी आतड्याची भिंत भेदून पोटाच्या पोकळीतून थेट यकृताचे आवरण पोखरते. माणसात हा आजार आपल्याकडे विरळ आहे. तरीही ढिवर समाजातील कुटुंबे ज्या तलावांत शिंगाड्याचे पीक घेतात त्याच तलावांत गुरेही उतरतात, आणि कच्चा शिंगाडा दातांनी सोलणे हा मुलांचा आवडता उद्योग असतो, म्हणून उकडलेला शिंगाडा निर्धोक आणि कच्चा असेल तर चांगला धुऊन चाकूने सोललेला बरा, एवढे सांगणे अस्थानी होणार नाही. या कृमीवर अल्बेंडाझोल चालत नाही, त्याला ट्रायक्लाबेंडाझोल हे निराळे औषध लागते. निदान अचूक का हवे याचे हे उत्तम उदाहरण आहे. उंदरांच्या यकृतात राहणारा आणखी एक कृमी अत्यंत क्वचित लहान मुलांत उतरतो आणि तो यकृताच्या तुकड्याशिवाय ओळखू येत नाही. धान साठवलेल्या घरांतील उंदरांचा बंदोबस्त हा त्याच्यावरचा एकच व्यवहार्य उपाय आहे.

हत्तीरोगाचा विचार इथे वेगळा करावा लागतो, कारण गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर हा हत्तीरोगाचा जुना पट्टा आहे आणि सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. बी. सी. हरिनाथ यांच्यासारख्या संशोधकांनी या रोगाच्या रक्तचाचण्यांवर दीर्घकाळ काम केले आहे. काही व्यक्तींत हत्तीरोगाच्या सूक्ष्म अळ्या रक्तात दिसतच नाहीत. शरीर त्यांना फुप्फुसांत अडवून मारते आणि त्या झटापटीत इओसिनोफिल ३,००० च्या वर जातात, रात्री कोरडा खोकला येतो, वजन उतरते, आणि मुलांत यकृत, प्लीहा व लसिकाग्रंथीही वाढतात. मदनपल्लीच्या क्षयरोग रुग्णालयातील फ्रिमोट-मोलर व बार्टन यांनी १९४० मध्ये क्षयासारख्या भासणाऱ्या या आजाराकडे लक्ष वेधले आणि १९४३ मध्ये वाइनगार्टन यांनी त्याला उष्णकटिबंधीय इओसिनोफिलिया हे नाव दिले. डीईसी या औषधाचा दोन-तीन आठवड्यांचा क्रम घेतल्यावर बहुतेक रुग्णांचा खोकला झपाट्याने ओसरतो, आणि हा झटकन मिळणारा गुणही निदानाला पुष्टी देतो. टॉक्सोकॅरा आणि हा आजार यांत गोंधळ होणे साहजिक आहे, कारण दोहोंत घरघर, ताप आणि इओसिनोफिल असतात. साधारणपणे लहान वय, माती आणि यकृत पुढे असेल तर पहिला, आणि मोठे मूल, रात्रीचा खोकला व फुप्फुसे पुढे असतील तर दुसरा, असा कल धरता येतो.

कृमींच्या पलीकडचे एक कारण तातडीचे आहे, आणि ते औषधाचे आहे. फिट्सवरील फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटॉन, सल्फा गटातील औषधे, कुष्ठरोगावरील डॅप्सोन यांपैकी एखादे औषध सुरू केल्यानंतर दोन ते आठ आठवड्यांत ताप, अंगभर पुरळ, चेहऱ्यावर सूज, गळ्यात गाठी, इओसिनोफिलची वाढ आणि यकृताचा दाह असा समूह उद्‌भवू शकतो. औषध सुरू होऊन महिना लोटलेला असल्यामुळे घरच्यांना त्याचा संबंध सुचत नाही, आणि गोवर किंवा कावीळ समजून तेच औषध चालू ठेवले जाते. यकृत पूर्ण निकामी होण्यापर्यंत मजल जाऊ शकणाऱ्या या प्रतिक्रियेत पहिला उपचार म्हणजे ते औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली ताबडतोब थांबवणे. फिट्सचे औषध मात्र मनाने बंद करणेही धोक्याचे असते, म्हणून अशा मुलाला त्याच दिवशी रुग्णालयात नेले पाहिजे. अतिशय कमी मुलांत या पेशींची वाढ हे रक्ताच्या कर्करोगाचे किंवा जन्मजात प्रतिकारदोषाचे चिन्ह असते. कृमी व औषध ही दोन्ही कारणे बाद झाली, संख्या उतरतच नाही, रक्तातील इतर पेशीही कमी होत आहेत, असे दिसल्यास हाडांच्या मगजाची तपासणी करावी लागते.

लहान मुलाच्या यकृताचे कोडे घरातल्या एका वस्तूपाशी सुटल्याचे उदाहरण महाराष्ट्राला नवीन नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांचा बळी घेणारा यकृतकाठिण्याचा एक विकार विसाव्या शतकात भारतात भयंकर मानला जाई. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी स्टुअर्ट टॅनर यांनी १९८० च्या दशकात या मुलांच्या यकृतात साठलेल्या तांब्याचा माग काढला, आणि तो कल्हई नसलेल्या पितळी-तांब्याच्या भांड्यांत तापवून ठेवलेल्या जनावराच्या दुधापर्यंत पोहोचला. स्टीलची भांडी घरोघर आली तसा तो आजार जवळजवळ नाहीसा झाला. त्या विकारात इओसिनोफिलचा संबंध नव्हता आणि त्याची गल्लत इथे करू नये. परंतु दूध कोणत्या भांड्यात ठेवता, हा साधा प्रश्न ज्या चिकाटीने तेव्हा विचारला गेला, त्याच चिकाटीने आज अंगणातील मातीविषयी विचारण्याची गरज आहे. पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या भंडाऱ्याच्या शेजारच्या जिल्ह्याला हे उदाहरण परके वाटू नये.

उपचार तुलनेने सोपे आहेत. सौम्य लागण पुष्कळदा आपोआप ओसरते. त्रास असलेल्या मुलात अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असे पाच दिवस देण्याची पद्धत जगभर रूढ आहे, अर्थात बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच. फुप्फुसे, हृदय किंवा मेंदू यांवर ताण आला असेल तर दाह आवरण्यासाठी स्टेरॉइडही दिले जाते. इथे एक गोष्ट बारकाईने सांभाळावी लागते. स्ट्राँजिलॉइड्स नावाचा एक सूक्ष्म कृमी ओल्या मातीतून अनवाणी पायांच्या कातडीतून शिरतो, वर्षानुवर्षे शरीरात राहतो आणि स्टेरॉइड मिळताच बेसुमार वाढून प्राणावर बेततो, म्हणून इओसिनोफिल वाढलेल्या मुलाला त्याची शंका दूर केल्याविना स्टेरॉइड सुरू करणे योग्य नाही. दमा समजून दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनाही हेच लागू पडते. राष्ट्रीय जंतनाशक दिनाला अंगणवाडीत व शाळेत मिळणारी अल्बेंडाझोलची एकच मात्रा, एक ते दोन वर्षांच्या मुलांना अर्धी गोळी व त्यापुढे पूर्ण गोळी, ही आतड्यातील जंतांसाठी असते आणि ती घ्यायलाच हवी, पण यकृतातील अळीचा तो उपचार नव्हे. ‘जंताची गोळी तर दिली होती’ या उत्तरावर निदानाची वाट थांबता कामा नये.

व्यवस्थेच्या अंगाने पाहिले तर या आजारासाठी नवे काही उभारण्याची गरज नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके, ज्या कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून झाला, अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करतात; त्या तपासणीत पोटाला हात लावताना माती खाण्याविषयी विचारले गेले तरी पुष्कळ साधेल. प्राथमिक आरोग्य केंद्रावर रक्ताची साधी गणना आणि इओसिनोफिलची संख्या काढता येते. २०१६ मध्ये गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यापासून बालरोगतज्ज्ञ व सोनोग्राफीसाठी प्रत्येक वेळी नागपूर गाठण्याची वेळ उरलेली नाही. खरी उणीव आहे ती पशुवैद्यक आणि मानवी आरोग्य या दोन खात्यांच्या जोडणीत. पिल्लांना दोन आठवड्यांचे झाल्यापासून दर पंधरवड्याला, दूध तुटेपर्यंत, जंताचे औषध दिले तर मातीत पडणाऱ्या अंड्यांचा सर्वांत मोठा उगमच आटतो, आणि हे औषध स्वस्त आहे. मोठ्या कुत्र्यापेक्षा पिल्लू आणि व्यालेली कुत्री यांच्याकडे लक्ष देणे हे थोड्या खर्चात जास्त मुले वाचवण्याचे काम आहे. ग्रामपंचायतीच्या पैशातून रस्ते होतात तसे हेही व्हायला हरकत नसावी.

उपचारानंतर घरच्यांनी धीर धरावा लागतो. अळ्या मरू लागल्या की काही मुलांत इओसिनोफिल सुरुवातीला थोडे वाढतातही; ताप व घरघर काही दिवसांत कमी होते, पण संख्या पूर्ववत व्हायला कित्येक महिने लागतात आणि सोनोग्राफीतील ठिपकेही सावकाश पुसट होतात, म्हणून दर आठवड्याला अहवाल काढून औषध बदलत बसण्यात अर्थ नसतो. मूल माती खाण्याचे थांबले नाही तर मात्र सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, तेव्हा लोहाचे औषध पुरेसे दिवस देणे हा यकृताच्या उपचाराचाच भाग समजावा. आणखी एक तपासणी बहुतेक ठिकाणी राहून जाते. भटकणारी अळी क्वचित डोळ्यात शिरते. हेलेनॉर वाइल्डर या अमेरिकन संशोधिकेने १९५० मध्ये कर्करोग समजून काढून टाकलेल्या मुलांच्या डोळ्यांत अशा अळ्या दाखवल्या होत्या. हा प्रकार यकृताच्या सुजेनंतर महिन्यांनी वा वर्षांनी, इओसिनोफिल अगदी सामान्य असतानाही दिसू शकतो आणि बहुधा एकाच डोळ्यात होतो, त्यामुळे दुसऱ्या डोळ्याने सगळे दिसत असलेले मूल तक्रार करीत नाही. म्हणून बरे झालेल्या मुलाचा प्रत्येक डोळा, दुसरा हाताने झाकून, स्वतंत्रपणे तपासावा, आणि बुबुळात पांढरी झाक किंवा तिरळेपणा दिसल्यास नेत्रतज्ज्ञाकडून डोळ्याचा मागचा पडदा बघून घ्यावा.